डिस्चार्ज

सदाशिव सरांनी कागद हातभर लांब धरला आणि डोळे बारीक केले. चष्मा आत टेबलावर राहिला होता, आणि ते चपला घालून निघालेच होते. दहा वाजता एका शाळेत त्यांच्या हस्ते इंग्रजी निबंधाची बक्षिसं वाटायची होती. फाटकाशी कडूबा उभा होता. उजव्या हाताला मनगटापर्यंत पांढरी पट्टी. मागं कंपनीची जीप, इंजिन चालूच.

बारा दिवसांपूर्वी शेंद्र्याच्या कारखान्यात प्रेसखाली त्याची दोन बोटं गेली होती. आज दवाखान्यातून सोडलं. निघताना कंपनीच्या माणसानं चार कागद पुढं केले. तीन मराठीत होते. त्यांवर त्यानं डाव्या हातानं कशाबशा सह्या केल्या. चौथा इंग्रजीत. तेवढा मी आमच्या सरांना दाखवतो म्हणून त्यानं जीप गारखेड्याला वळवायला लावली. गावच्या शाळेत दहावीपर्यंत तो सरांच्याच हाताखाली शिकला होता.

"डिस्चार्ज दिसतंय," सर म्हणाले. "दवाखान्याचा कागद आहे. कर सही."

कडूबा घुटमळला. कंपनीतली पोरं डिस्चार्ज हा शब्द निराळ्याच अर्थानं वापरतात, असं काहीसं तो पुटपुटला.

सर हसले. शब्द एकच असतो, अर्थ वाक्यावरून ठरतो, हे मी तुला शिकवलं होतं की नाही, असं त्यांनी विचारलं. कडूबानं मान डोलावली. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यानं सही केली आणि वाकून सरांच्या पाया पडला.

ते वाक्य सरांनी वाचलंच नव्हतं.

दीड महिन्यानं जखम भरली तेव्हा कडूबा कामावर गेला. हजेरीच्या यंत्रात त्याचं नाव नव्हतं. दोन दिवस हेलपाटे घातल्यावर त्याला त्या कागदाची प्रत मिळाली. ती घेऊन तो थेट सरांकडे आला. या वेळी सरांनी चष्मा लावला. प्रकृतीच्या कारणानं मला नोकरीतून मोकळं करावं अशी विनंती मी स्वतः करतो आहे, आणि माझ्याबाबतच्या सगळ्या जबाबदारीतून कंपनीही मोकळी झाली आहे, असं त्यात होतं. 'मोकळं'च्या दोन्ही जागी तोच शब्द.

सर बराच वेळ कागदाच्या कडा सरळ करत बसले. मग चूक माझी आहे, जिथं सांगायची तिथं मी येऊन सांगतो, एवढंच म्हणाले.

कडूबानं केलेल्या अर्जावर कामगार कार्यालयात सुनावणी झाली, तेव्हा त्यांनी घडलं तसं सगळं सांगितलं. कंपनीचा वकील मऊ आवाजाचा, तरुण होता. त्यानं सरांना आधी पाणी दिलं. मग अधिकाऱ्यांना म्हणाला की, चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाकडून समजून घेऊन अर्जदारानं सही केली, हे आता साक्षीदारच सांगतायत. फसवणूक झाली कुठं? आपली कबुली कडूबाच्याच मुळावर येते आहे, हे तेव्हा कुठं सरांच्या ध्यानात आलं.

"सर, डिस्चार्ज या शब्दाचे अर्थ सांगता?" वकिलानं विचारलं.

जखमेतून वाहतो तो. बंदुकीतून सुटतो तो. बॅटरी उतरते तो. कोर्ट आरोपीला सोडतं तो. कर्तव्य पार पाडतात तो, आणि माणसाला नोकरीवरून काढतात तोही. यातला एक जरी राहिला तरी सर पोरांना बाकावर उभं करत. आता सगळे एकदम जिभेवर आले. सरांनी पाण्याचा घोट घेतला.

"दवाखान्यातून घरी सोडणं. मला एवढाच माहीत आहे."

"म्हणजे तुम्हाला नीट इंग्रजी येत नाही, असं लिहायचं?"

"लिहा."

टाइप करणाऱ्या कारकुनानं ओठ दाबून हसू आवरलं. कडूबा उठून उभा राहिला. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

"नाय साहेब, ते लिहू नका," तो म्हणाला. "सरांना समदे अर्थ येतात. आमच्या गावाला इंग्रजी दाखवली ती सरांनी. त्यांनी सांगितलं म्हणूनच म्या सही केली."

सरांनी त्याचा सदरा ओढला. तो बसला नाही. हे नोंदवून घेऊ का, असं अधिकाऱ्यांनी दोनदा विचारलं.

"व्हय, घ्या."

त्याची बायको आवडाबाई बाहेर जिन्यावर बसली होती. काय झालं, असं तिनं विचारलं.

"सरांचं नाव राहिलं," कडूबा म्हणाला.

तिनं सरांकडे एकदा नीट पाहिलं. मग पिशवी उचलली आणि पुढं होऊन जिना उतरू लागली.

जाणकार व्यक्तीकडून अर्थ समजून घेऊन सही केल्याचं कारण दाखवून अर्ज फेटाळला गेला. पुढं कडूबाला गारखेड्यातच वॉचमनची नोकरी लागली, सरांच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या इमारतीत. सकाळी सर दूध आणायला निघाले की तो खुर्चीतून उठायचा आणि तीन बोटांचा हात कपाळाला लावायचा. पहिले काही दिवस सरांनीही मान हलवली.

आता ते मागच्या गल्लीनं जातात. तिकडून डेअरी बरीच लांब पडते.