पाडलेल्या टाकीची दुरुस्ती

डबे भरता भरता पाणी खात्यातल्या हेडक्लार्क बाईंचे हात थांबले. नवरा पेपर मोठ्याने वाचत होता, "सरकारी सल्लागारांचा कोट्यवधींचा अहवाल. म्हणे, पाडलेल्या टाकीची दुरुस्ती करा! अगं, ही तुमचीच टाकी ना?"

त्याला हसू आवरेना. बाईंना कुठून हसू येणार? सल्लागार कंपनीची सुटाबुटातली पोरं आली, तेव्हा "असेल नसेल ते द्या त्यांना" असा वरून हुकूम सुटला होता. बाईंनी टाकी पाडण्याआधीचा, आपणच लिहिलेला सहा वर्षांपूर्वीचा अहवाल दिला, वर 'जुना' असा शिक्का मारून. त्या महाभागांनी शिक्का तेवढा वगळला, बाकी सगळं जसंच्या तसं उतरवून गुळगुळीत कागदावर छापलं. खात्याची रीतच ती! घरच्या माणसाला विचारायचं नाही, आणि त्याचंच ज्ञान परक्याकडून विकत घ्यायचं.

ऑफिसात पाऊल टाकताच साहेबांचं बोलावणं आलं. साहेबांनी दार लावून घेतलं.

"सही करा, बाई."

टाइप केलेला कागद होता. 'चुकीची माहिती मी दिली, सल्लागारांचा दोष नाही,' असा मजकूर.

"साहेब, मी तर जुना म्हणून सांगितलं होतं."

"कुणावर तरी खापर फुटणारच हो. कुठल्या वस्तीला किती पाणी, हे पुढचं कामही त्यांनाच द्यायचंय. सही केलीत तर नुसती समज. नाही केलीत तर... पेन्शनला दोन वर्षं राहिलीत ना? क्वार्टरही सरकारीच!"

नवऱ्याची नोकरी सुटलेली, लेक अजून शिकतेय. जायचं कुठे? पण न पाहिलेल्या टाकीसारखंच हे लोक न पाहिलेल्या वस्त्यांचं पाणी ठरवणार, या विचाराने त्यांना जास्त भीती वाटली.

"साहेब, चोर सोडून संन्याशाला फाशी देताय."

त्यांनी मजकुरावर काट मारली आणि खाली लिहिलं, 'सल्लागार टाकी पाहायला एकदाही आले नाहीत.' सही केली. कागद घेऊन त्या बाहेर आल्या.

"मी सही केलीय. अजून कोण करतंय?"

बारा जण बसले होते. टाकी पाडल्याचं बाराही जणांना ठाऊक होतं. एकेकाने आपापली फाईल उघडली.

वाचकहो, तुम्ही तेरावे असता, तर काय केलं असतं?