घोड्यांपाशी

मर्लच्या तळघरात मर्लच्या शब्दापुढे कुणाचं काही चालत नसे. तिथे फासे टाकत साहसाची गोष्ट रचायचा खेळ चाले; त्यातली दरी किती खोल, राक्षस किती भुकेला, फासा टेबलाखाली पडला तर धरायचा की नाही, सगळं तोच ठरवी. ड्वेन, वेंडेल आणि वेंडेलची बायको आर्लीन दर रविवारी जेवणं आटोपून येत आणि आपापला काल्पनिक वीर मुकाट त्याच्या हवाली करत. छापील पुस्तकात नसलेला एक नियमही त्याचाच होता: जो आला नाही त्याचा वीर घोडे सांभाळत मागे थांबतो, आणि घोड्यांपाशी असलेल्याच्या केसालाही धक्का लागत नाही.

वेंडेल सप्टेंबरात गेला, अंगणातली पानं गोळा करता करता. आता हिवाळ्यात गावातलं तळं गोठलं होतं, आणि त्याचा बुटका लढवय्या बोरिक अजून घोड्यांपाशीच होता. बोरिकची शिशाची बाहुली चीजच्या बशीशेजारी उभी असे. मंडळी आली की मर्ल ती उगाचच सरळ करी.

अशाच एका रविवारी खेळता खेळता ड्वेनचं डोकं फिरलं.

"पुढे जायला जहाज, आणि जहाजात घोडे मावत नाहीत, तूच म्हणालास. मग विकू दे की."

"गिऱ्हाईक नाही."

"मागच्या रविवारी वादळ, त्याआधी खलाशांना ताप. हिवाळाभर किनाऱ्यावर माशा मारतोय आम्ही."

"टेबल माझं, नियम माझा."

मर्ल म्हणाला खरा, पण त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. घोडे गेले की बोरिकचं काय, हे त्यालाच सांगावं लागणार होतं. तो उठला, हीटर वाढवला, बसला, पुन्हा उठून कमी केला.

"मर्ल, बस खाली," आर्लीन म्हणाली. "दवाखान्यात सही मी केली. चर्चमध्ये उभं राहून मी बोलले. त्याचे बूट मी देऊन टाकले. सगळीकडे मीच रे. इथे माझं चालत नाही, इथे तू म्हणशील तेच खरं. बोरिकचं एवढं एक तू म्हण."

मर्लला तिचा राग आला, ड्वेनचा आला, आणि सगळ्यात जास्त वेंडेलचा आला.

"पहाटे तबेल्याला आग लागते," तो म्हणाला. "बोरिक एकेक घोडा बाहेर काढतो. शेवटच्याला ढकलतो, तेवढ्यात छप्पर खाली येतं."

ड्वेन गडबडला. "अरे, पण घोड्यांपाशी कुणाला काही होत नाही ना? तुझाच नियम."

"होता," मर्ल म्हणाला.

"आणि घोडे?" आर्लीननं विचारलं.

"सगळे वाचले. एकालाही चटका नाही."

तिनं मान हलवली, बाहुली उचलली आणि पर्समध्ये ठेवली. मर्लचा हात सवयीनं बशीशेजारी गेला आणि तसाच मागे आला.

"जहाज सुटतंय," तो म्हणाला. "कोण कोण चढतंय?"