वनमालाच्या बदकांचा पिंजरा

मी पिंजरा बोलतोय. पालीत, बिंदुसरा धरणाच्या अलीकडे बंकटचं घर आहे, त्याच्या परसात मी उभा असतो. सध्या रिकामाच आहे. तरी लोक मला बघायला येतात आणि मला मान खाली घालावीशी वाटते. पिंजऱ्याला मान नसते, हे त्यातल्या त्यात बरं.

माझा जन्म झाला तो बंकटच्या बायकोपायी. वनमालानं माहेराहून चार बदकं आणली, तेव्हा सगळी आळी हसली. "शेळ्या सोडून ही बया बदकं पाळती!" पण तिचा जीव त्यांच्यावर जडला होता. संध्याकाळी ती धरणाच्या कडेला जाऊन हाक मारायची, की बदकं ठुमकत तिच्यामागे घरी यायची. एकदा कुत्र्यांनी एकाचा पंख फाडला. त्या दिवशी वनमाला जेवली नाही, आणि बंकटनं मला बांधायला घेतलं.

काय हौसेनं बांधलं म्हणून सांगू! कुत्री उकरतात म्हणून गुडघाभर खोल पाया. त्यावर विटांचे थर, लोखंडी अँगल, वेल्डिंगची जाड जाळी, वर पत्रा. रानमांजर हुशार, म्हणून दाराला दोन कड्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून बंकट माझी जाळी हलवून दाखवायचा. "कोल्ह्याचा बाप आला तरी दात पडतील बे त्याचे!" मीही फुशारून जायचो.

बदकं पाणी फार सांडतात, चिखल करतात. ते पाणी वाहून जायला बंकटनं खालच्या विटांत मोरी ठेवली होती, मूठ जाईल एवढी. तिला जाळीचा तुकडा बसवायचा तेवढा राहिला होता. तुकडा कापून तयारही होता. आणि नेमकं तो बसवायच्या सकाळी, बदकं पाण्यावर गेलेली असताना, त्या मोरीतून मुंगसानं तोंड बाहेर काढलं.

तुम्ही इकडचे असाल तर सांगायला नको. मुंगूस दिसलं की आमच्याकडे माणूस थांबतो, हात जोडतो, दिवस चांगला जाणार म्हणतो. बंकटची आई सुंदरबाई तर हरखूनच गेल्या. "शकुन हाय बाबा! आपण होऊन दारी आलंय, त्याची वाट कावून बुजवतो? साप बी फिरकणार न्हाई."

"अवं, पर बदकं…" वनमाला नवऱ्याला म्हणाली.

"ते काय करतंय त्यांला? देवाचं जनावर हाय." बंकटनं जाळीचा तुकडा पत्र्यावर टाकला. मग तिनंही हात जोडले.

पुढे एकदा घरची सगळी नारायणगडाला दर्शनाला निघाली. एरवी दिवसा बदकं पाण्यावर असायची, आणि मुंगूस काही रात्री फिरत नाही. त्या दिवशी मागे कोणी नाही म्हणून वनमालानं त्यांना माझ्यात कोंडलं, दोन्ही कड्या लावल्या आणि जाळीवरून हात फिरवला. "ह्याच्यात आसल्यावर काळजी न्हाई," म्हणाली. निघताना वाटेत मुंगूस आडवं गेलं. केवढा आनंद झाला सगळ्यांना!

भर दुपारी ते मोरीतून आत आलं. सगळं सांगवत नाही. उघड्यावर असती तर बदकं पाण्यात पळाली असती. इथं ती जाळीवर आपटत राहिली आणि मी तसूभर हललो नाही. ज्या मजबुतीवर मी फुशारत होतो, तीच त्यांना नडली. पाण्याच्या घमेल्यामागे दडलेलं एक तेवढं वाचलं.

संध्याकाळी वनमालानं दार उघडलं आणि मेलेली तीन बदकं एकेक करून बाहेर काढली. दोन्ही कड्या जशाच्या तशा होत्या, उघडी होती ती मोरीच. पण गावाला काय सांगायचं? ज्याला हात जोडले त्यानंच घात केला, हे कोणत्या तोंडानं सांगणार? बंकट म्हणाला, "कोल्हा आल्ता." घरात तिघांनी तेच धरून ठेवलं. उरलेलं बदक आता स्वयंपाकघरात पाटीखाली झोपतं. माझ्याजवळ फिरकत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

आज सकाळी पलीकडच्या वस्तीवरच्या साखराबाई आल्या. त्या बदकांची पिल्लं आणणार आहेत. माझ्यासारखाच पिंजरा हवा म्हणून त्यांनी दोरीनं माझी मापं घेतली, मोरीचंसुद्धा.

"बंकटभाऊ, एवढा मजबूत हाय, मंग कोल्हा शिरला कुठून?"

सुंदरबाईंनी तोंड फिरवलं.

"दार उघडं राहिल्तं," वनमाला म्हणाली. "माज्याकडून."

दोन कड्या लावून गेलेली बाई! बंकट पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मला वाटलं, आहे तिथं कोसळावं.

"मंग पिंजऱ्याची चूक न्हाई," साखराबाई म्हणाल्या. "हुबेहूब असाच बांधते."

लोखंडाला जीभ नसते, त्यांना मी काय सांगणार? तुम्ही ऐकताय, म्हणून तुमच्यापुढे हात पसरतोय. पालीवरून पुढे जाणार असाल तर साखराबाईंच्या वस्तीवर थांबा. विटा रचलेल्या दिसतील. त्यांना म्हणा, कोल्हा नव्हता, मुंगूस होतं. हात जोडायचे तर जोडा, पण आधी मोरीला जाळी लावा. कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर वनमालाचं नाव घेऊ नका, माझं घ्या. पण आजच जा. पिल्लं उद्या येणार आहेत.