ॲझबरी पिंकस्टनच्या दोन कबरी

पिंकस्टन घराण्याच्या मुळांचा विषय निघाला तो टी-शर्टांवरून. दर जुलैत सगळं गणगोत दक्षिण जॉर्जियातल्या शेतावर जमायचं. अटलांटाहून, डेट्रॉइटहून गाड्या भरभरून माणसं यायची, आणि लहानथोर सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट असायचे. त्या वर्षी ते काम अटलांटाच्या डनिताकडे होतं. तिने ठरवलं, पाठीवर अख्खा वंशवृक्ष छापायचा. फांद्यांना तोटा नव्हता. पण मुळाशी येऊन झाड अडलं. तिथे एकच नाव होतं, ॲझबरी. त्याच्या खाली कोरं.

डनिताने आत्याला, म्हणजे व्हर्लीनला, फोन करून विचारलं. व्हर्लीनचं वय त्रेसष्ट. आयुष्यभर तिने शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवू घातलं होतं, लग्न केलं नव्हतं, आणि धाकट्या भावाच्या, होझियाच्या, भुईमुगाच्या शेताच्या कडेला तिचं घर होतं. ॲझबरी हा तिचा सख्खा आजोबा. त्याच्या मांडीवर ती वाढली होती. आणि तरी, त्याचे आईबाप कोण, या साध्या प्रश्नावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. फोन ठेवला तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली.

मग तिने ध्यासच घेतला. कोर्टात जाऊन जुनी दप्तरं पाहिली, तर ॲझबरी पिंकस्टन नावाचा माणूस लग्नाच्या दिवशीच जन्माला आल्यासारखा. त्याआधी त्याचा पत्ता नाही. चर्चमधल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारलं, तर सगळ्यांनी एकच सांगितलं. एका हिवाळ्यात हा पोरगा अनवाणी चालत आला, पिंकस्टन नावाच्या गोऱ्या जमीनदाराच्या शेतावर काम मागितलं, आणि लोक त्याला पिंकस्टनांचा ॲझबरी म्हणू लागले. पुढे त्याने स्वतःची जमीन केली, पण आडनाव तेच राहिलं.

होझियाला हे सगळं रिकामपणाचे उद्योग वाटायचे.

"ताई, अगं त्याला सांगायचं असतं तर त्यानेच सांगितलं नसतं का?" तो म्हणाला. "जेलमधून पळून आला असेल. छाप मग टी-शर्टावर."

"जेलमधून आला असला तरी कुणाच्या तरी पोटचा होताच ना," व्हर्लीन म्हणाली.

धागा सापडला तो क्लिओफसकडून. क्लिओफस गावातल्या अंत्यविधींची व्यवस्था बघायचा. रविवारच्या प्रार्थनेनंतर त्याने व्हर्लीनला बाजूला घेतलं आणि विचारलं, तुमच्या आजीच्या कबरीवरचा दगड कुणी केला होता? व्हर्लीन म्हणाली, आजोबांनीच, घरच्या घरी, सिमेंट ओतून. सगळ्या गावाला तो दगड माहीत होता. सिमेंट ओलं असताना त्यात निळ्या बाटल्यांच्या काचा गोलाकार बसवलेल्या, आणि खाली खिळ्याने कोरलेलं नाव, सुझॅना. त्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधले दोन्ही एस उलटे होते, आरशात दिसावेत तसे. लहानपणी पोरं त्यावरून हसायची. आजोबा फारसा शिकलेला नव्हता, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नव्हतं.

क्लिओफस म्हणाला की गेल्या आठवड्यात तो एका मयतीसाठी अल्टमाहा नदीच्या पलीकडे गेला होता. तिथल्या एका छोट्या चर्चच्या मागे त्याने तसेच दगड पाहिले. एक नाही, चांगले सात-आठ. निळ्या काचांचे. एस उलटेच.

शनिवारी व्हर्लीन निघाली. होझिया कुरकुरत का होईना, ट्रक चालवायला आला. पूल लागला तसं व्हर्लीनला काहीतरी आठवलं. ती सहा-सात वर्षांची असताना आजोबा तिला गाडीत घालून इथवर आला होता. उसाचं बेणं आणायला जातो, असं घरी सांगून. पुलाच्या तोंडाशी उतरून तो बराच वेळ पलीकडे बघत उभा राहिला. तिकडे काय आहे, असं तिने विचारलं, तर म्हणाला, "माणसं राहतात." मग गाडी वळवून बेणं न घेताच घरी आला. तिने हे भावाला सांगितलं. होझियाची कुरकुर थांबली.

चर्च पाइनच्या झाडीत होतं. मागची दफनभूमी झाडून स्वच्छ ठेवलेली. दगड क्लिओफसने सांगितले तसेच होते, सगळ्यांवर टिलरी हे आडनाव. ग्रीन टिलरी. लेथी टिलरी. व्हर्लीन एकेका दगडापाशी वाकून वाचत चालली होती. कडेच्या दगडापाशी तिचे पाय थांबले. त्यावर लिहिलं होतं: ॲझबरी. ग्रीन आणि लेथीचा मुलगा. नदीत बुडाला, १९११. नावातला एस उलटा होता.

"होझिया," तिने हाक मारली, "आजोबा इथे पण पुरलेत."

होझियाने टोपी काढून हातात घेतली. दोघं भावंडं त्या दगडासमोर खुळ्यासारखी उभी राहिली. ज्या माणसाचं प्रेत त्यांनी स्वतः पाहिलं होतं, ज्याच्या कबरीवर दरवर्षी फुलं ठेवली होती, त्याची इथे दुसरी कबर होती, आणि तिच्यावरही कुणीतरी ताजी फुलं ठेवली होती.

चर्चमध्ये झाडलोट करणाऱ्या बाईने त्यांना पलीकडच्या पत्र्याच्या घरात पाठवलं. तिथे ओझेला टिलरी राहायची. वय अठ्ठ्याऐंशी, कान तिखट. ओसरीवर झुलत्या खुर्चीत बसून ती पावट्याच्या शेंगा सोलत होती. व्हर्लीनने अदबीने, मिस ओझेला, अशी हाक मारली, नाव सांगितलं, आणि कडेच्या त्या कबरीबद्दल विचारलं. म्हातारीने हात न थांबवता सांगितलं, की ती रिकामी आहे. तिच्या थोरल्या काकाची. प्रेत कधी सापडलंच नाही.

मग तिने सगळं सांगितलं. तिचा आजा ग्रीन टिलरी शेती करायचा आणि हिवाळ्यात विहिरी बांधायची कामं घ्यायचा. सिमेंटचं काम त्याच्याच हातचं. अक्षरं त्याला कुणीतरी चुकीची शिकवली, ती त्याने पोरांना तशीच शिकवली. त्या वर्षी नदीला पाणी फार होतं. अठरा वर्षांचा ॲझबरी खेचर घेऊन उतारातून पलीकडे जायला निघाला होता. बापाने जाऊ नको म्हटलं होतं. घरात ते एकच खेचर, त्याच्यावरच सगळी नांगरट. काठावरच्या लोकांनी पोराला आणि खेचराला प्रवाहात वाहून जाताना पाहिलं. एवढंच.

"माझी आजी लेथी त्यानंतर वीस वर्षं जगली," ओझेला म्हणाली. "त्या नदीचा मासा तिने तोंडाला लावला नाही. म्हणायची, ज्या पाण्याने माझं लेकरू खाल्लं त्यातलं मी काय खाऊ? आमच्या घरात अजून कुणी खात नाही."

व्हर्लीनने आपल्या आजोबाबद्दल सांगायला सुरुवात केली. तो अनवाणी आला ते, सुझॅनाचा दगड, पूल. आणि बोलता बोलता हेही सांगितलं, की सारा मुलूख खेचरं जुंपत असताना तिचा आजोबा बैल जुंपायचा. लोक हसायचे, पोरं गाडीमागे धावून चिडवायची, पण खेचर त्याने दारात उभं केलं नाही. का, तर म्हणायचा, खेचराचं मला देणं आहे. त्याचा अर्थ कुणालाच कधी कळला नाही.

ओझेलाचे हात थांबले.

"त्याला वाटलं, खेचर बुडालं," ती हळूच म्हणाली.

"म्हणूनच घरी गेले नाहीत," व्हर्लीन म्हणाली.

"पोरी, ते खेचर तिसऱ्या दिवशी घरी आलं. आपलं आपण. दारात उभं राहून ओरडायला लागलं. त्यानंतर चौदा वर्षं नांगर ओढला त्याने. माझ्या बापाने मला त्याच्या पाठीवर बसवलंय."

होझियालाच आधी हसू फुटलं, आणि हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले. ओझेलाही हसली. खेचराला वाट माहीत होती आणि माणसाला नव्हती, असं ती म्हणाली, आणि तिनेही एप्रनच्या टोकाने डोळे टिपले. व्हर्लीनला मात्र पुलाच्या तोंडाशी उभा असलेला आजोबा दिसत होता. एवढ्याशा अंतरावर आई होती, आणि नंतर आई नव्हती तरी भाऊ होता. तिने म्हातारीचा हात धरला.

"मिस ओझेला, त्यांनी मुलं-नातवंडं चांगली वाढवली. स्वतःची जमीन केली. बुडाले नाहीत ते."

"मिस काय म्हणतेस?" ओझेला म्हणाली. "तुझा बाप माझा चुलत भाऊ. आत्या म्हण."

जुलैत टिलरी मंडळी पूल ओलांडून आली. चार गाड्या भरून. डनिताने टिलरींची नावं घालून झाड पुन्हा छापून घेतलं होतं, त्यामुळे अक्षरं बारीक झाली होती आणि म्हाताऱ्यांना वाचता येत नव्हती, म्हणून लोक एकमेकांच्या पाठी उजेडाकडे वळवून वाचत होते. होझियाने ओझेलाला विचारलं, की ती रिकामी कबर आता काढायची का. तिने साफ नकार दिला. म्हणाली, शंभर वर्षं होत आली, आम्ही ती झाडलीय, ती काही खोटी नाही. फक्त दगडावर एक ओळ वाढवा, की तो वाचला. आणि एस तसेच ठेवा.

जेवायला बसल्यावर तिने होझियाच्या ताटातल्या तळलेल्या माशाकडे बोट दाखवून, तो कुठला, असं विचारलं. नदीतला, असं त्याने घाबरत सांगितलं. तिने एक तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिली. तिची नातवंडं खाणं थांबवून बघत होती. मीठ कमी आहे, असं म्हणून तिने दुसरा तुकडा मागितला.

सप्टेंबरात ओझेलाच्या नातवाचं भुईमूग काढायचं यंत्र ऐन सुगीत मोडलं. वेल उपटून वाळायला हवे होते आणि पावसाचा रंग दिसत होता. व्हर्लीन सकाळी अंगणात आली तर होझिया स्वतःचं यंत्र ट्रॅक्टरला जोडून निघायच्या तयारीत होता. त्याच्याच शेताचा खालचा तुकडा अजून व्हायचा होता.

"आपलं राहिलंय की," ती म्हणाली.

"तेही आपलंच आहे," तो म्हणाला. "आपलं उंचावर आहे, दोन दिवस थांबेल. त्यांचं खालचं रान आहे, पाणी साचलं तर शेंगा मातीतच राहतील. तू येतेस का? आत्याने भाकरीबरोबर पावटे करून ठेवलेत म्हणे."

व्हर्लीनने दाराला कडी घातली आणि ट्रकच्या किल्ल्या घेतल्या. ट्रॅक्टर पुढे, ती मागे, असे ते रस्त्याला लागले.