माणसं चार, खुर्च्या पाच

ऑस्ट्रेलियाला जायचं खूळ आधी कुणाच्या डोक्यात शिरलं, यावर लिनांच्या घरात शेवटपर्यंत एकमत झालं नाही. येनहोंग म्हणे, कल्पना माझी. त्याची लेक युनशी म्हणे, बाबांना कल्पना सुचली असेल तर आधी डॉक्टरला दाखवायला हवं. खरं काय ते किमबीला ठाऊक होतं. येनहोंगची आई ती, घरातली सगळ्यात म्हातारी. तिच्यापासून काय लपतंय? खूळ होतं सुनेचं. लीछुनचं.

आणि लीछुनला तिथे जाऊन कांगारू बघायचे नव्हते, की समुद्र बघायचा नव्हता. समुद्र कीलुंगमध्ये दाराशीच होता. तिला बघायची होती दोरीवर, उन्हात वाळणारी धुणी.

हसू नका. तैवानच्या या उत्तरेच्या टोकाला लाँड्री चालवून बघा, म्हणजे कळेल. थंडी सुरू झाली की जी झिमझिम लागते ती वसंत आला तरी हटत नाही. उशी दमट, भिंत दमट, माणसाचा स्वभावही दमट. बंदरामागच्या गल्लीत किमबीच्या नवऱ्याने, बुनहोकने, लाँड्री काढली. तो गेल्यावर लीछुन ती एकहाती ओढत होती. यंत्रातून निघालेले कपडे कोरडे असत, पण त्यांना वास यायचा तो यंत्राचाच. एकदा फोनवर तिने ऑस्ट्रेलियातलं कुठलंसं परसदार पाहिलं. मधोमध छत्रीसारखी गोल फिरणारी तारांची मांडणी, तिच्यावर पांढऱ्या चादरी, आणि ऊन असं की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. तिची इस्त्री एका गिऱ्हाइकाच्या विजारीवर जरा जास्तच रेंगाळली. विजार भरून द्यावी लागली. किमबीने तेव्हाच ताडलं की हे प्रकरण साधं नाही.

मग रोज जेवणाच्या टेबलावर ऑस्ट्रेलिया येऊन बसायला लागला.

"पहिल्या दिवशी पर्थला उतरू," येनहोंग नकाशावर जेवायची काडी ठेवून म्हणाला. "तिथे नाश्ता करू, आणि संध्याकाळी सिडनीत फिरू."

"नाश्ता बांधून घ्या बाबा," युनशी म्हणाली. "मध्ये पाच तास विमान आहे."

"एकाच देशात?"

"एकाच देशात."

येनहोंगला ते काही झेपेना. इथे माणूस सकाळी बेटाच्या त्या टोकाला जातो, काम उरकतो आणि रात्रीच्या जेवणाला घरी परत येतो. "एवढा मोठा देश घेऊन ते लोक करतात तरी काय?" तो म्हणाला.

"वाळत घालतात," लीछुन पुटपुटली आणि वाडग्यात तोंड घालून जेवायला लागली.

शेवटी एक गाव ठरलं, ब्रिस्बेनच्या जवळचं. स्वयंपाकघर आणि परसदार असलेलं भाड्याचं घर ठरलं. घराची मालकीण चांगबाई, मूळची ताइचुंगची, तिकडे लग्न करून गेलेली. दिवसही ठरले, कारण निवडायला दुसरे नव्हतेच. लाँड्री वर्षातून एकदाच बंद असायची, नव्या वर्षाला. त्याच्या आधीचा महिना तर मरणाचा. अख्ख्या गल्लीला आपल्या रजया आणि पडदे तेव्हाच आठवतात.

तिथेच घोडं अडलं.

किमबी आधी आडवळणाने बोलायला लागली. "सॉसेज नेता येतील ना?"

"नाही आमा," नात म्हणाली. "मांस आत घेऊ देत नाहीत."

"खारवलेली अंडी?"

"नाही."

"संत्री तरी?"

"संत्री पण नाही."

"मग तो देश आहे की तुरुंग?"

पण सॉसेज हे नुसतं निमित्त होतं. खरा प्रश्न वर्षाच्या शेवटच्या रात्रीचा होता. त्या रात्री पितरांना ताट दाखवायचं आणि मग सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसून जेवायचं. बुनहोक गेल्यापासून किमबी त्याच्यासाठी टेबलाशी खुर्चीही मांडत होती. पुढ्यात वाडगा, जेवायच्या काड्या, आणि तांदळाच्या दारूचा पेला. एवढ्या वर्षांत एकदाही चुकली नव्हती. वादळात वीज गेली तेव्हाही नाही, तिला स्वतःला ताप भरला होता तेव्हाही नाही.

"आपण चार दिवस आधी करून टाकू," येनहोंग म्हणाला. "बाबा काय तारीख बघणार आहेत?"

"तू स्वतःच्या लग्नाला चार दिवस आधी जाऊन बसला होतास का?"

मग त्या घरात भांडण मिटवायचा जो एकच रस्ता होता, तो येनहोंगने सुचवला. "बाबांनाच विचारू."

झालं. उदबत्त्या लागल्या. वरच्या मजल्यावर पितरांची नावं कोरलेल्या पाटीसमोर किमबी गुडघ्यांवर बसली आणि तिने कौलाचे ठोकळे हातात घेतले. तांबड्या लाकडाच्या त्या दोन चंद्रकोरी. एक बाजू सपाट, एक फुगीर. एक उताणी, एक पालथी पडली की होकार. दोन्हींची फुगीर पाठ वर आली की नकार. दोन्ही पाठीवर पडून डुलायला लागल्या, तर म्हातारा हसतोय, पुन्हा विचार म्हणतोय. प्रश्न मात्र मनातल्या मनात विचारायचा. मागे उभ्या असलेल्यांना दिसतो तो नुसता कौल.

यांना जाऊ देऊ का, असंच विचारायचं तिने ठरवलं होतं. अगदी प्रामाणिकपणे. पण हातात लाकूड आलं आणि मनाने उचल खाल्ली. 'म्हाताऱ्या,' ती मनात म्हणाली, 'ही पोरं तुझं ताट सोडून उन्हं खायला निघालीत. मी अडवते यांना. अडवू ना?'

ठोकळे पडले. दोन्हींच्या पाठी वर. नको.

किमबीने ते घाईने उचलले. तिने पुन्हा टाकले. दोन्ही उताणे पडले आणि डुलत राहिले. म्हातारा हसत होता. जिवंत असताना तिची लबाडी पकडली की असाच हसायचा मेला. तिसऱ्यांदा टाकले. पुन्हा पाठी वर. नको म्हणजे नको.

"बाबा नाही म्हणतात," मागून येनहोंग म्हणाला. त्याचा आवाज पार पडला होता.

किमबी ठोकळे उचलत म्हणाली, "पाहिलंत ना." एवढंच. खोटं असं एक अक्षर ती बोलली नव्हती, आणि पुढचे दिवस स्वतःची समजूत घालायला तिला तेवढंच पुरवून वापरावं लागलं.

तिला वाटलं होतं, आता घर डोक्यावर घेतील. तिची तयारी होती. रीत काय, लोक काय म्हणतील, तुम्हाला वाढवताना मी कधी कुठे गेले, सगळी उत्तरं तिने ओळीने लावून ठेवली होती. पण कुणी भांडलंच नाही. लीछुनने "ठीक आहे आई" म्हटलं आणि ती खाली इस्त्रीपाशी गेली. येनहोंगने फोनमधला नकाशा काढून टाकला. नात दोन दिवस फुगली आणि मग मैत्रिणींकडे निघून गेली. टेबलावर पुन्हा गिऱ्हाइकांच्या पडद्यांच्या गोष्टी सुरू झाल्या. भांडणाऱ्याला एक वेळ तोंड देता येतं. मुकाट ऐकणाऱ्याचं काय करायचं? किमबीने तिळाच्या तेलातली कोंबडी केली, सुनेला आवडते म्हणून. लीछुनने दोनदा घेतली, चांगली झालीय म्हणाली. किमबीने स्वतःच्या वाडग्यातली तशीच ठेवली.

शिवाय घरात आणखी एक गोष्ट घडत होती. रोज सकाळी लीछुन सासऱ्यांना उदबत्ती लावायची तेव्हा दोन शब्द बोलायची. पाऊस किती झाला, यंत्र कसं कुरकुरतंय, असलं काहीबाही. त्या दिवसापासून ती नुसती उदबत्ती खोचायची आणि पाठ फिरवायची. किमबीने ते पाहिलं. बघून न बघितल्यासारखं केलं, पण पाहिलं.

एका दुपारी ती आल्याचा चहा घेऊन जिना उतरत होती. खाली दुकानात लीछुन एकटी होती. हातात इस्त्री होती म्हणून तिने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला होता. पलीकडून चांगबाई बोलत होती, आणि तिच्यामागे कुठले तरी पक्षी भर उन्हात कलकलाट करत होते.

"म्हणजे नक्की रद्द?" चांगबाई म्हणाली. "अगंबाई, मी तर शेजारणीकडून खुर्ची मागून आणली. तुम्हीच म्हणालात, माणसं चार, खुर्च्या पाच."

"हो. तुम्हाला उगाच त्रास झाला," लीछुन म्हणाली. "पाचवी सासऱ्यांसाठी होती."

"ते कळलं हो मला. आमच्या घरीही असंच मांडायचे की. आणि कोंबडीचंही जमलं होतं. इथे सगळीकडे मुंडकं आणि पाय तोडलेली मिळते, ती काय पितरांपुढे ठेवायची? तीन दुकानं पालथी घातली. शेवटी शहरातला एक खाटीक अख्खी द्यायला तयार झाला, मुंडक्यासकट."

"सासूबाईंना मुंडकं नसलेली कोंबडी चाललीच नसती," लीछुन म्हणाली. "त्यांना अजून काही सांगितलंच नव्हतं मी. म्हटलं, कोंबडी हाताशी आल्यावर सांगावं. नाहीतर त्या शंभर चुका काढतात."

"आमची सासू दोनशे काढायची. पितरांसाठीचे कागदी पैसे मात्र तिकडेच जाळून या असं सांगणार होते, इथे उन्हाळ्यात उघड्यावर जाळ करू देत नाहीत. थांबा हं, दारावर कुणीतरी आलंय. फोन ठेवू नका."

फोनमध्ये नुसते पक्षी ओरडत राहिले. जिन्यावर किमबीच्या हातातला चहा थंड होत होता. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की वर परत जावं आणि पांघरूण घेऊन पडावं असं मनात आलं. पण पक्ष्यांचा आवाज बंद झाला की फोन बंद होणार, आणि फोन बंद झाला की ते घरही गेलं. ती दोन पायऱ्या धडपडत उतरली.

"लीछुन," ती म्हणाली, "त्या दिवशी मी विचारलं होतं की यांना अडवू का. तो नको म्हणाला."

लीछुनने इस्त्री उभी केली. "काय?"

"मी विचारलं, अडवू का. तर नको म्हणाला. मधे एकदा हसला, आणि परत नको म्हणाला."

"म्हणजे बाबांनी आपल्याला..."

"त्याने नाही अडवलं. मी अडवलं."

लीछुनचा चेहरा लाल झाला. "आई, मी इतके दिवस बाबांवर रुसून होते," ती म्हणाली. "मेलेल्या माणसावर. त्यांच्याशी धड एक शब्द बोलले नाही मी. मनात म्हणायचे, तुमच्या दुकानात माझी हाडं झिजली आणि तुम्हाला माझं एवढंसं बघवत नाही. आणि ते बिचारे..." तिने नाक पुसलं. "तुम्हाला यायचं नव्हतं तर तोंडाने सांगायचं होतं. मी भांडले असते. भांडता तरी आलं असतं मला."

"तेच तर," किमबी म्हणाली. "भांडली असतीस तर बरं झालं असतं."

"पण का केलंत?"

किमबी दुकानातल्या बाकावर बसली. उत्तर तयार होतं, फक्त ते ओळीने लावून ठेवलेल्या उत्तरांतलं नव्हतं. "मला भीती वाटली," ती म्हणाली. "एकदा ताट मांडायचं चुकलं की दुसऱ्यांदा चुकायला काही वाटत नाही. आज त्याचं चुकेल, उद्या मी मरेन. तुम्ही असाल कुठल्या तरी उन्हात, आणि मी इथे पावसात उभी राहून बंद लाँड्रीचं दार वाजवत बसेन."

"दार वाजवत बसणाऱ्यांतल्या आहात होय तुम्ही?" लीछुन म्हणाली. ती अजून रागातच होती. "विमानतळावर येऊन माझी मानगूट धराल." मग ती सासूशेजारी बाकावर बसली आणि तिने तो गार चहा तिच्या हातातून काढून घेतला. "आई, मला ताट टाळायचं असतं ना, तर मी समुद्रापल्याड कोंबडीचं मुंडकं शोधत बसले नसते. आम्ही जिथे जेवायला बसू तिथे बाबांची खुर्ची असणार. तुमचीही असणार. तुम्ही फक्त एवढ्यात तिच्यावर बसायची घाई करू नका."

बाहेर झिमझिम चालू होती, यंत्र कुणाच्या तरी रजया घुसळत होतं, आणि किमबी बाकावर बसून पदराचं टोक नसल्याने सुनेच्याच दुकानातल्या कुणा गिऱ्हाइकाच्या टॉवेलला डोळे पुसत होती. लीछुनने पाहिलं, पण तो टॉवेल पुन्हा धुवावा लागणार हे काही बोलून दाखवलं नाही.

फोनमध्ये पावलं वाजली. "हॅलो, आले हं," चांगबाई म्हणाली. "मग काय करू, रद्द करू ना? खुर्ची शेजारणीला परत देऊन टाकते."

लीछुन सासूकडे बघत राहिली आणि मुद्दाम गप्प बसली.

किमबी बाकावरून उठली आणि फोनपाशी वाकली. "चांगबाई, मी सासू बोलतेय," ती म्हणाली. "त्या खुर्चीला पाठ आहे का? आमच्या यांची फार वेळ बसलं की कंबर धरते."