बत्तिसावा तास

ट्रेच्या डाव्या कोपऱ्यात रुपयाएवढा एक ठिपका होता. बाकी गव्हाच्या कोंड्यावर बुरशीचं पांढरं, घट्ट अस्तर चढलं होतं. तेवढी जागा ओलसर, तपकिरी राहिली होती. मी पट्टी लावली. पंचवीस मिलिमीटर.

एवढ्यावरून काही ठरत नाही. कोंड्यात पाणी जास्त झालं तरी असा ठिपका राहतो, आणि दुसरे जंतू शिरले तरीही. फरक वासात असतो. चांगल्या ट्रेला ओल्या अळंबीचा वास येतो, बिघडलेल्याला तुंबलेल्या मोरीचा. वसईजवळ वालीवच्या एका शेडमध्ये १९९८ साली आम्ही बुरशीपासून पाचक एन्झाइम काढायचो. ते लहान मुलांच्या औषधात जायचं. कोंड्यात बुरशी पेरल्यापासून बत्तिसाव्या तासाला प्रत्येक ट्रे हुंगून पास करणं हे माझं काम. नऊ वर्षं तेच.

गेल्या दिवाळीपासून मला वास येत नव्हता. बुरशीची पूड नाकात जाऊन झालं असावं, असं डॉक्टर म्हणाले. घरी दूध करपलं, ते शेजारणीने दार वाजवल्यावर कळलं. आमचा मॅनेजर नीलेश, त्याला सांगायचं असं मी दर सोमवारी ठरवायचे. सांगितलं की हे काम जाणार, आणि तिथे मला देण्यासारखं दुसरं काम नव्हतं. मग मी सालोमीकडे बघून सह्या करू लागले. ती ट्रे उचलायची. बिघडलेल्या ट्रेजवळ तिच्या नाकपुड्या आपोआप आक्रसायच्या.

त्या दिवशी तिने नाकावर रुमाल बांधला होता.

“काय गं सालोमी?”

“सर्दी, बाई. नाकातून नुसतं पानी. आज अर्नाळ्याची सुकट नाकाखाली धरली तरी कळायची नाय.” ती हसली. “तुमीच बघा. तुमचं नाक म्हंजे मशीन.”

मी वाकले. आत आली ती नुसती हवा. कोमट. पुन्हा वाकले.

नीलेश दारातून म्हणाला, “अक्षदा मॅडम, झालं का? सगळे ट्रे एकाच टाकीत ओतायचेत, पोरं थांबलीत.”

“एक मिनिट.”

“ट्रेची आरती करताय का? सही करा ना.”

सालोमी रुमालाआड खुदकन हसली. मी पेनाचं टोपण काढलं, ‘पास’च्या रकान्यावर टोक ठेवलं. ते औषध लहान मुलांच्या पोटात जाणार होतं. भीती वाटायला हवी होती. तीही वाटली नाही. मी टोपण परत लावलं.

“नीलेश, मला वास येत नाही. आठ महिने झाले. यापुढे मी एकही ट्रे पास करणार नाही.”