वानराच्या अंत्ययात्रेतली बाज

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी बाज आहे. आलापल्लीच्या जंगलात माझे लाकूड वाढले आणि लटारूच्या ओसरीत मला सुंभाची वीण मिळाली. पाहुणे माझ्या मजबुतीचे कौतुक करत. इथवर सगळ्या बाजांचे आयुष्य सारखेच.

आमच्या गावात वानर मेले की त्याची माणसासारखी अंत्ययात्रा काढतात. हनुमंताचाच तो जीव. तिरडीला बांबू लागतो आणि बांबूला जंगलखात्याचा परवाना. मेलेले वानर परवान्यासाठी थांबत नाही, म्हणून मला नेत. वर गुलाल, पुढे भजन. परतल्यावर पाणी शिंपडले की मी शुद्ध. लटारू पुन्हा माझ्यावर झोपे.

१९५८च्या उन्हाळ्यात वानरे फार मरू लागली. गावाची भक्तीही तेवढीच वाढली. मग लटारूला ताप भरला. अंग ठणकू लागले, पुढे हिरड्यांतून, नाकातून रक्त. वानराच्या सेवेत कुठेतरी कसूर राहिली, असे गुणवंतराव पाटलांनी ठरवले. लटारू माझ्यावरच गेला.

नागपूरहून डॉक्टर आले. त्यांनी माझ्या सुंभातून चिमट्याने गोचिडी काढल्या. मैसूरकडच्या जंगलात आदल्या वर्षी असाच ताप आला होता, म्हणाले. आजारी वानराचे रक्त प्यालेली गोचीड, वानर मेले की दुसरे अंग शोधते. माणसाला चावली की रोग त्याच्यात उतरतो. मला जाळायला सांगून ते गेले. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी पिंपळाखाली वानर मेले आणि सगळे मलाच न्यायला आले.

लटारूचा धाकटा भाऊ खुशाल त्याच्या जागी खांदा द्यायला उठला. लटारूची बायको शकुबाई दारात आडवी उभी राहिली.

"वहिनी, लोक काय म्हणतीन?"

"म्हणू दे. तुह्या भावाले बी लोकायनंच उचललं."

पाटील पुढे झाले. "देवाले कुत्र्यावानी टाकून देऊ काय, शकुबाई?"

"हात जोडा ना पाटील, कोण नाई म्हणते? हात लावू नका. अन् लयच हाऊस असन तं तुमच्या पोराले द्या खांद्याले."

पोराला मूल गावच्या बाजारात काम असल्याचे पाटलांना तेव्हाच आठवले. वानराला पिंपळाखालीच पाला आणि रॉकेल टाकून जाळले. भजन लांबून झाले. देवाने तक्रार केली नाही.

आत्मवृत्ताच्या शेवटी वस्तूने 'मला जपा' म्हणायचे असते. माझे उलटे आहे, मित्रांनो. मी राहिले तर आज ना उद्या खुशाल माझ्यावर पाठ टेकेल. शकुबाईने मला अंगणात ओढले आहे, रॉकेल ओतले आहे. पाटील म्हणताहेत, "सागाची हाय बाई, उन्हात ठेवली तरी चालन."

त्यांचे ऐकू नका. तिला आगपेटी द्या.